पावसाळ्याचं कपाट: लुगडं, नायलॉन आणि पाताळगंगा

हा भाग ऐकायला वेळ नसेल किंवा लोकलमध्ये नेट जात असेल, तर हा लिखित भाग तुमच्यासाठी. बोलले तसंच लिहिलंय, फक्त मधले 'अं... म्हणजे...' काढलेत. सगळे नाही निघाले, चालवून घ्या.

जून लागला की माझ्या फोनवर एकच विषय सुरू होतो. पावसाळ्यात काय घालायचं. रील मागून रील. त्या सगळ्यांचा अर्क काढला तर पाच सल्ले उरतात. कपडा घोट्याच्या वर राहील असा घ्या, म्हणजे चिखल लागणार नाही. रंग गडद घ्या. हात मोकळे ठेवा. खिसे असलेलं बघा. आणि कापड झटपट वाळणारं हवं.

आता शंभर वर्षं मागे चला. जागा हीच, पनवेल. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भाताच्या खाचरात आगरी बाया लावणी करताहेत. लुगडं कासोट्याचं, गुडघ्यापर्यंत वर ओढून घट्ट बसवलेलं. रंग गडद लाल नाहीतर हिरवा. डोक्यापासून पाठीवर इरलं, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि वर पानं. इरलं पाठीवर बसतं, त्यामुळे दोन्ही हात रोपं लावायला मोकळे. छत्रीला हे जमत नाही. कमरेला कनवटी, तिच्यात पैसे. पुढे ओचा, त्यात काय वाटेल ते. म्हणजे पाचपैकी चार सल्ले त्या बाईने आधीच अमलात आणले होते, कुठलीही रील न बघता.

राहिला पाचवा. झटपट वाळणारं कापड. ते मात्र तिच्याकडे नव्हतं. आजचा भाग त्या पाचव्या सल्ल्याबद्दल आहे. तो आपल्याकडे कसा आला, आणि तो येताना बाकीचे चार कुठे गेले.

आधी अडचण किती मोठी होती ते बघू. नऊवारी म्हणजे नऊ वार. वार म्हणजे यार्ड, म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. सुती. सुती कापड कोरडं दिसत असतानासुद्धा हवेतली ओल धरून ठेवतं, वजनाच्या सात-आठ टक्के. भिजल्यावर तर विचारूच नका. घरात तीन बायका, प्रत्येकीची दोन लुगडी, बाहेर आठ दिवस ऊन नाही. चाळीतल्या खोलीत छताजवळ एक बांबूची दांडी टांगलेली असायची, काठीने त्यावर कपडे चढवायचे. लुगडं दुहेरी-चौपदरी टाकलं की आतला पदर वाळतच नाही. मग तो कुबट वास. ज्यांनी तो घेतलाय त्यांना सांगायला नको. चुलीच्या धगीवर, शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे वाळवायचे, म्हणजे कुबट वासाच्या जागी धुराचा वास.

ब्राह्मणी घरांत यात सोवळ्याची भर. सोवळं नेसायचं म्हणजे धुतलेलं आणि कुणाचा स्पर्श न झालेलं वस्त्र हवं. पावसाळ्यात ते वाळणार कधी? तर त्यावर तोड होती: रेशमी मुकटा नाहीतर लोकरीची धाबळी. रेशीम आणि लोकर सुतासारखी रोज धुवावी लागत नाही, असा नियम. धर्मशास्त्राच्या नियमात हवामानाची पळवाट ठेवलेली होती असं म्हणायला हरकत नाही. आमच्या भाषेत, एज केस हँडल केली होती. पण हे ज्यांच्याकडे रेशीम घ्यायला पैसे त्यांच्यासाठी. बाकीच्या ओलेत्याने.

आणि काही बायकांना ऋतूच नव्हता. केशवपन केलेल्या विधवेला जाडंभरडं तांबडं आलवण, बहुधा चोळीशिवाय. उन्हाळा, पावसाळा, थंडी, तेच. कपाट ऋतूप्रमाणे बदलणं हासुद्धा एक हक्क असतो, हे मला हा भाग तयार करताना जाणवलं.

याच हक्काची एक गोष्ट आपल्या शेजारच्या गावच्या मुलीची आहे, तिथे जरा थांबू. आनंदीबाई जोशी. कल्याणच्या जोशी घराण्यातली, जन्म १८६५. डॉक्टर म्हणून सगळ्यांना माहीत, पण मी तिच्याकडे आज कपड्यांसाठी जातेय. १८८३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेला जाण्याआधी, तिने श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, भाषण केलं. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, खाण्यापिण्यात आणि पोशाखात बदल करणार नाही, असं लोकांसमोर सांगितलं. वय अठरासुद्धा पूर्ण नव्हतं. तेव्हा ते सांगणं भागच होतं, नाहीतर जाऊ कोण देणार?

एप्रिलमध्ये जहाज निघालं, जूनमध्ये न्यूयॉर्क. आणि मग आली फिलाडेल्फियाची थंडी. आता नऊवारी कोकणातल्या, देशावरच्या हवेला बनलेली. मागे कासोटा, पोटऱ्या उघड्या. चिखलात हा गुण, बर्फात हाच दोष. शिवाय तिथल्या लोकांच्या नजरेत बाईचे पाय दिसणं म्हणजे असभ्यपणा. तर तिने काय केलं? गाऊन नाही घातला. साडीच ठेवली, पण गुजराती पद्धतीने नेसायला लागली. गोल, पायघोळ, पाय झाकणारी. दिलेला शब्दही राहिला आणि पायही झाकले गेले.

मला हा उपाय फार हुशारीचा वाटतो. पण तो सोपा नव्हता. या बदलाबद्दल तिला नवऱ्याला पत्रातून खुलासा करावा लागला. गोपाळराव म्हणजे बायकोने शिकावं म्हणून जगाशी भांडणारा माणूस. त्यालाही साडी वेगळी नेसल्याचा खुलासा हवा होता. शिक्षणात पुरोगामी आणि निऱ्यांच्या बाबतीत जुनाट, असे लोक तुम्हाला ऑफिसातसुद्धा भेटतील.

१८८५ च्या ऑक्टोबरमधला एक फोटो आहे, तुम्ही इंटरनेटवर पाहिला असेल. तीन विद्यार्थिनी: जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लांबुली आणि मध्ये नाही, एका कडेला आपली आनंदी, साडीत. लोक तो फोटो 'बघा किती पुढे गेल्या' म्हणून शेअर करतात. मी त्यात निऱ्या शोधत बसते. मार्च १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेली. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. तिथली थंडी, धुराने भरणारी खोली, न मानवणारं अन्न, सगळ्याचा वाटा असेल. कपड्याने ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण अंगावर ऊब किती घ्यायची हे ठरवायलाही तिला परवानगीचा विचार करावा लागत होता, एवढं खरं.

गोल साडीचा प्रवास मग आपल्याकडेही झाला. आधी बंगालमध्ये: ज्ञानदानंदिनी देवी, रवींद्रनाथांची वहिनी, १८६४ मध्ये नवऱ्याबरोबर मुंबईला आली, इथल्या पारशी बायकांची साडी बघितली आणि कलकत्त्याला जाऊन झंपर, परकरासकट ती पद्धत रूढ केली. महाराष्ट्रात पाचवारी-सहावारी कॉलेजच्या मुलींनी, नोकरी करणाऱ्यांनी उचलली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरात नऊवारी आजीची झाली. आपल्याला साडी म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, निऱ्या पुढे, पदर डाव्या खांद्यावर, ते फार जुनं नाही.

फायदा काय झाला? सव्वाआठ मीटरचे साडेपाच झाले. वाळवायला तीन मीटर कमी! तोटा? कासोटा गेला, साडी जमिनीला टेकली. परकर आला, म्हणजे वाळवायला आणखी एक नग, तोही जाड. कनवटी-ओचा गेला आणि पर्स आली. तेव्हापासून आपण खिशासाठी भांडतोय. शेतातल्या बाईने हा सौदा केला नाही, तिला परवडणाराच नव्हता. तिचं लुगडं गेलं ते शेत गेल्यावर. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. खाचर नाही तर गुडघ्यावरचं लुगडं कशाला? आजही पनवेलच्या मच्छी मार्केटमध्ये सत्तरीच्या मावशी नऊवारीत दिसतात, सुना ड्रेसमध्ये.

आता पाचवा सल्ला. झटपट वाळणारं कापड.

नायलॉन अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीने १९३८ मध्ये जाहीर केलं, १९४० मध्ये बायकांचे मोजे बाजारात आले. पॉलिएस्टर इंग्लंडमधलं, १९४१, विनफिल्ड आणि डिक्सन हे दोघे मँचेस्टरच्या छपाई कंपनीत काम करत होते. त्याचं नाव टेरिलिन. आपल्याकडे ठाण्यात बनायला लागलं तेव्हा टेरीन झालं, आणि सुताबरोबर मिसळलं की टेरिकॉट.

पॉलिएस्टर ओल धरतच नाही, म्हणजे जवळजवळ नाही, अर्धा टक्कासुद्धा नाही. सुताचे सात-आठ टक्के आठवा. पिळायची गरज नाही, झटकलं की झालं. रात्री धुवा, सकाळी नेसा. खळ नको, इस्त्री नको, चुरगळत नाही, रंग जात नाही. जिला सकाळी डबे करून नोकरीला पळायचंय, घरात दांडी एक आणि माणसं सात, तिला ही साडी म्हणजे काय वाटलं असेल याची कल्पना करा. आपण आज सिंथेटिकला नाकं मुरडतो, 'प्युअर कॉटन' लिहिलेलं बघून दुप्पट पैसे देतो. पण दोन पिढ्यांपूर्वी नायलॉनची साडी ही ऐट होती. हळदीकुंकवाला नेसून जायची वस्तू. सरकार अशा धाग्यांना चैनीची वस्तू समजून भरपूर कर लावायचं, त्यामुळे 'फॉरेनची नायलॉन' चोरून येणाऱ्या मालात असायची. गरिबाच्या पोराच्या चड्डीलाही टेरिकॉट हवं होतं, कारण ते फाटत नव्हतं.

आणि मग येतं १९८२. हे वर्ष मी नोट्समध्ये लाल रंगाने लिहिलंय.

१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. साधारण अडीच लाख कामगार. कोकणातलं, घाटावरचं असं गाव नव्हतं जिथला कुणीतरी गिरणीत नव्हता. १८५० च्या दशकात दावरांनी सुरू केलेल्या पहिल्या गिरणीपासून सव्वाशे वर्षं मुंबईने मराठी बायकांना सूत नेसवलं होतं. लुगडी, पातळं, खटावची वायल. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बऱ्याच गिरण्या पुन्हा कधी नीट चालल्या नाहीत, काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर गेलं.

त्याच वर्षी, १९८२ मध्येच, पनवेलहून गाडीने तासाभराच्या आत, रसायनीकडे, पाताळगंगा नदीच्या काठावर रिलायन्सने पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू केला. तंत्रज्ञान त्याच ड्यू पॉन्टचं. या कंपनीची कापड गिरणी १९६६ पासून अहमदाबादजवळ नरोड्याला होती आणि ब्रँड होता विमल, धीरूभाईंच्या पुतण्याचं नाव. 'ओन्ली विमल' ही जाहिरात आईला विचारा, तिला पाठ असेल.

तेव्हा हे असं झालं: एका टोकाला लालबाग-परळच्या सुती गिरण्यांचे भोंगे बंद, दुसऱ्या टोकाला आपल्या पाताळगंगेवर पॉलिएस्टरचं यंत्र चालू. संपामुळेच सूत संपलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. गिरणीमालकांनी वर्षानुवर्षं यंत्रं बदलली नव्हती. आणि १९८५ च्या कापड धोरणात सरकारने सुताला एक न्याय आणि सिंथेटिकला दुसरा, हा भेद कमी करायचं ठरवलं. नंतर पॉलिएस्टर स्वस्त होत गेलं. माझा हिशोब असा, की संप नसता तरी नायलॉन-पॉलिएस्टरच जिंकलं असतं, कारण दांडीवर सात माणसांचे कपडे वाळत घालणारी बाई त्याच्या बाजूने होती. फक्त ते इतक्या क्रूर घाईने झालं नसतं. ज्याची गिरणी बंद पडली त्याच्याच घरात बायकोने स्वस्त म्हणून पॉलिएस्टरची साडी घेतली असणार, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं.

पावसाचा हिशोबही पुढे आलाच. २४ जुलै १९८९. रायगड जिल्ह्यात तुफान पाऊस, आंबा नदीने जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, किती माणसं गेली. त्याच पावसात पाताळगंगेचं पाणी त्या कारखान्यात शिरलं. पाण्याला न जुमानणारा धागा बनवणारी यंत्रं चिखलात बुडाली. काही आठवड्यांत कारखाना पुन्हा चालू केला, त्याच्या गोष्टी अजून मॅनेजमेंटच्या वर्गात सांगतात. जांभूळपाड्याची गोष्ट तेवढी सांगत नाहीत.

या कापडाची एक काळी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला पटत नाही. नायलॉन, पॉलिएस्टर आगीजवळ वितळतं आणि कातडीला चिकटतं. सूतही पेटतं, भरभर पेटतं, पण असं चिकटत नाही. स्वयंपाकघरात वातीचा नाहीतर पंपाचा स्टोव्ह, खाली बसून स्वयंपाक, सुटा पदर. त्या काळच्या पेपरात 'स्टोव्हचा भडका' हे शब्द इतक्या वेळा येतात की ते नेहमीचे होऊन जातात. त्यातले काही खरेच अपघात. आणि काही नव्हते, हे सगळ्यांना कळत होतं. नायलॉनच्या साडीने पेट घेतला, हे सांगायला सोयीचं कारण झालं. बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये ४९८ अ कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ ब. आजीची पिढी 'गॅसजवळ सुती नेस' असं सांगते तेव्हा ती फॅशनचा सल्ला देत नसते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पटकन सांगते. पंजाबी ड्रेस आला. त्याने पाय पुन्हा मोकळे केले, कासोट्याने केले होते तसे. १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली, आणि पनवेल-सीएसटी दीड तास उभं राहणाऱ्या बाईला साडीत काय होतं ते विचारायला नको. घरात गाऊन आला, दारावर कुणी आलं की वर ओढणी. हा गाऊनवर ओढणी प्रकार म्हणजे महाराष्ट्राने जगाला दिलेली देणगी आहे, यावर एक वेगळा भाग करायचाय.

संक्रांतीच्या काळ्या साडीबद्दल प्रत्येक वेळी प्रश्न येतो म्हणून तेवढं सांगते. काळा रंग उष्णता धरतो म्हणून थंडीत काळी चंद्रकळा, हे कारण सगळीकडे फिरतं. असेल. नाशिक-पुण्याला शोभतं. पण पनवेलला जानेवारीत दुपारी तीसच्या आसपास असतं! आपण काळी नेसतो कारण एरवी सणाला काळं चालत नाही आणि हा एकच दिवस सूट असते. मला हे कारण जास्त आवडतं.

आता सल्ला, कारण इतकं ऐकवून सल्ला न देणं बरं नव्हे. पॉलिएस्टर ओल शोषत नाही, म्हणजे तुमचा घामही शोषत नाही. पावसाळ्यात जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीपाशी नायटा होतो त्याचं हे एक कारण. म्हणून बाहेरचा थर सिंथेटिक, अंगाला लागणारा थर सुती. पाऊस वरच्याने झटकायचा, घाम आतल्याने टिपायचा. आतले कपडे छोटे असतात, ते पंख्याखाली वाळतात. पुरते वाळले नसतील तर घालू नका, इस्त्री फिरवा. जीन्स सप्टेंबरपर्यंत विसरा. आणि पायजमा असो, कुलॉट्स असो, लांबी पोटरीपर्यंत, त्या लावणीवाल्या बाईसारखी.

पाडव्याच्या शोभायात्रेत, ढोल पथकात मुली जी नऊवारी नेसतात ती आता शिवलेली मिळते, पायजम्यासारखी चढवायची. कासोटा तयार, आणि कापड बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं नाहीतर मिश्र. म्हणजे आजीचा कट आणि पाताळगंगेचा धागा. पाच मिनिटांत नेसून होते, रात्री धुतली की सकाळी वाळते. शिवायला टाकताना टेलरला आठवणीने सांगा, उजव्या बाजूला आत खिसा शिवून देतात. फोन मावेल एवढा मागा, नाहीतर ते सुट्ट्या पैशांपुरता ठेवतात.

तुमच्या घरात पहिली नायलॉनची साडी कुणी घेतली, कितीला, आणि कुणाच्या पगारातून, हे आजीला, मावशीला विचारा. व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या चार-पाच पुढच्या भागात लावते.